ट्रम्पेट नायट्रोजनमध्ये गोठवल्यानं आवाज सुधारतो का?

पलूसजवळच्या एका गावातून एका तरुणाचा प्रश्न आलाय. वडिलांची बँड पार्टी आहे आणि घरात बाहेरून आणलेला एक जुना ट्रम्पेट आहे. गेली दोन वर्षं तो दबल्यासारखा वाजतो, वरचे स्वर फुटतात, मधल्या पिस्टनवर सूर हलतो. कुपवाडला टूल थंड करून देणारा एक जण म्हणाला, "द्रव नायट्रोजनच्या थंडीत, उणे १९६ अंशांना, एक दिवस ठेवून देतो, अमेरिकेत सगळे करतात, पितळेतला ताण निघतो आणि आवाज मोकळा होतो." सहा हजार रुपये सांगितलेत. "काका, करू का?"

करू नकोस. आत्ता तर नकोच, आणि ट्रम्पेट आतून धुतल्याशिवाय अजिबात नको. कारणं सांगतो. ती जरा लांबतील, कारण या विषयात खरं आणि खोटं डाख दिल्यासारखं एकमेकांना चिकटलंय.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी ३६ वर्षं कुपवाड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामात काढली. लग्नसराईत आणि गणपतीत कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ, वाजवायचो. पुढचे दोन दात गेले तसं वाजवणं सुटलं, दुरुस्ती राहिली. पोचे काढणं, डाख देणं, पिस्टन बसवणं ही कामं आता घरच्या घरी करतो. भट्टी आणि बाजा, दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे.

तुला सल्ला देणारा माणूस लबाड नाही. तो स्टीलवाला आहे, आणि स्टीलमध्ये थंडीचा उपयोग खरोखर होतो. स्टील लाल करून तेलात बुडवलं की आतली ऑस्टेनाइट नावाची रचना बदलून मार्टेन्साइट होतं, आणि मार्टेन्साइट म्हणजेच कडकपणा. पण ज्या स्टीलमध्ये कार्बन आणि इतर धातू भरपूर असतात, जसं डी-२ किंवा हाय स्पीड, तिथं खोलीच्या तापमानाला ही क्रिया अर्धवट थांबते. भाकरी वरून शेकली पण पोटात ओली राहिली, तसा प्रकार. काही ऑस्टेनाइट आत तसंच अडकून बसतं. माल सावकाश उणे १९६ पर्यंत नेला आणि दिवसभर ठेवला, की त्यातल्या बऱ्याचशा भागाचं मार्टेन्साइट होतं. पुढं टेम्परिंग करताना, म्हणजे पुन्हा बेतानं तापवताना, कार्बाइडचे, म्हणजे कार्बनच्या कडक संयुगांचे, कणही जास्त बारीक सुटतात. पंच आणि डाय जास्त टिकतात. आमच्याकडचे काही डाय थंड केल्यावर धार लावायला उशिरा यायला लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळं त्या माणसाची श्रद्धा मला कळते. त्यानं ती फक्त चुकीच्या धातूवर बसवली.

पितळेत यातलं काय आहे? कार्बन नाही, त्यामुळं कार्बाइड नाही. ऑस्टेनाइट नाही, त्यामुळं उरलंसुरलं बदलायलाही काही नाही. ट्रम्पेटचं पिवळं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. जस्त तांब्यात असं मुरलेलं असतं की सगळी मिळून एकच रचना होते. ती लग्नाच्या मांडवात जी असते तीच नायट्रोजनच्या टाकीतही असते. भोंग्याला कधी कधी तांबूस पितळ वापरतात, ८५ किंवा ९० टक्के तांब्याचं. तिथंही हेच. तांबं आणि पितळ थंडीनं ठिसूळ होत नाहीत, बदलत नाहीत, म्हणून तर द्रव वायूंची उपकरणं करताना ते बिनधास्त वापरतात.

आता "ताण निघतो" हा मुद्दा. ताण असतो, हे खरं. आपल्याकडच्या तांबटाला विचार. हंडा ठोकत गेलं की पत्रा ताठ होत जातो, एका हद्दीनंतर हातोडा उडायला लागतो आणि तशीच जबरदस्ती केली तर पत्रा तडकतो. तेव्हा तो काय करतो? भट्टीत घालतो. लाल झाला की पत्रा पुन्हा मऊ, पुन्हा ठोकायला तयार. आणि शेवटी मठारताना मुद्दाम ठोके देऊन अंग कडक करतो, म्हणजे हंडा चेपत नाही. ट्रम्पेटचा भोंगाही याच रीतीनं होतो. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, ठोकायचा, तापवायचा, साच्यावर ओढायचा. पितळ ४२५ अंशांच्या वर तापवलं की पुरतं नरमतं. नुसता आतला ताण काढायचा आणि कडकपणा ठेवायचा, तर २६० अंशांच्या आसपास तासभर पुरतो.

हे सगळं उष्णतेनं होतं, कारण ताण निघायचा म्हणजे धातूच्या आतले अणू थोडे सरकून बसायला हवेत, आणि सरकायला त्यांना ऊब लागते. थंडीत ते जास्तच जखडतात. उणे १९६ ला पितळ मऊ पडत नाही, उलट तेवढ्यापुरतं जास्त ताठ होतं आणि बाहेर काढलं की पूर्ववत होतं.

मग ही थंडीची कल्पना एवढी चालली कशी? माझा अंदाज सांगतो. ट्रम्पेटचे बहुतेक सांधे कथिल-शिशाच्या डाखानं जोडलेले असतात, आणि तो डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. ताण काढायला हवेत २६०. म्हणजे जोडलेला ट्रम्पेट भट्टीत घातला तर ताण निघण्याआधी ट्रम्पेटच सुटा होऊन तळाशी पडेल. तयार वाद्याला उष्णता देता येत नाही, म्हणून कुणाच्या तरी मनात आलं, थंडी देऊन बघू. थंडीनं डाख वितळत नाही, वाद्य अखंड बाहेर येतं, गिऱ्हाईक खूश.

पितळेतल्या ताणाची खरी गोष्ट तर आपल्याच देशातली आहे आणि ती तुझ्या कामाची आहे. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं इथं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ऋतूत तडकतात म्हणून त्या दोषाला नावही ऋतूचंच पडलं. कारण कळलं १९२१ साली. दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई, घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठायचा, पावसाळी दमट हवेत तो पितळेवर बसायचा आणि ओढून केलेल्या काडतुसाच्या आतल्या ताणाशी त्याची गाठ पडली की तडा. उपाय काय निघाला? काडतुसं केल्यावर बेतानं तापवणं आणि अमोनियापासून दूर ठेवणं. थंड करायचं त्यात कुठं आलं नाही. आता मला सांग, तुमच्या बँडची वाद्यं हंगाम संपल्यावर कुठं टांगता? आपल्याकडं निम्म्या बँडवाल्यांची वाद्यं गोठ्याशेजारच्या खोलीत असतात. दोन युफोनियम, म्हणजे बँडमधले ते मोठे जाड आवाजाचे बाजे, माझ्याकडं असे आलेत की वाकातल्या नळीला लांबट तडे, ना पोचा ना मार. दोन्ही घरी म्हशी होत्या. वाद्य गोठ्यापासून लांब, कोरड्या जागी ठेव. हा सल्ला फुकट आहे आणि त्या सहा हजारांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

थंड केल्यावर ट्रम्पेटचं नेमकं काय होतं, तेही सांगतो. तो आखडतो. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण १४८ सेंटीमीटर भरते. आपल्या हवेतून उणे १९६ पर्यंत गेली की ती पाचेक मिलिमीटरनं आखूड होते, आणि परत आली की जिथल्या तिथं. सगळी नळी सारखीच आखडते, त्यामुळं आत काही नवीन घडत नाही. अडचण येते ती दोन वेगळ्या धातूंची गाठ असते तिथं, आणि हे मी स्वतःचं नुकसान करून शिकलोय.

कामाला होतो तेव्हा आमच्याकडं एकदा टूलचा लॉट थंड करायला जाणार होता, थंड करायच्या पेटीत जागा होती. मी माझा जुना कॉर्नेट सोबत दिला. त्याचे पिस्टन मोनेलचे होते, म्हणजे निकेल-तांब्याचे, आणि पिस्टनचं घर पितळेचं. पितळ मोनेलपेक्षा जास्त आखडतं. सतरा मिलिमीटरच्या पिस्टनला हा फरक एक-दोन शतांश मिलिमीटरच पडतो, पण पिस्टन आणि घर यांच्यात मोकळी जागाही तेवढीच असते. मी पिस्टन काढलेच नव्हते. पेटीतून बाहेर आल्यावर दोन्ही कडेचे पिस्टन घट्ट. वर आपल्या दमट हवेचं पाणी सगळ्या अंगावर. तासभर थांबलो असतो तर आपोआप सुटले असते. पण संध्याकाळी वरातीची सुपारी होती, मी पकड लावून ओढला. पिस्टनवर जो ओरखडा उठला तो अजून आहे आणि तिथून हवा गळते ती अजून गळते. वर एका आधारकाडीचा डाखही सुटला. कथिल थंडीत ठिसूळ होतं, बारका धक्काही पुरतो. त्या रात्री मी शेजाऱ्याच्या कॉर्नेटवर वेळ मारून नेली.

पण हौस फिटली नाही. पुढं मेरठच्या जाली कोठीतले, म्हणजे देशातल्या बँडवाल्यांची वाद्यं पिढ्यान्पिढ्या जिथं बनतात तिथले, एकाच खेपेत आणलेले दोन ट्रम्पेट हाताशी होते. एक पिस्टन काढून, बूच-फेल्ट काढून, नीट थंड केला. पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं, "हा थंडीतला." ऐकणारे सगळे म्हणाले, वा, काय खुललाय. नंतर एकदा न सांगता, वाजवणाऱ्याला दारामागं उभा करून दोन्ही वाजवायला लावले. त्यातल्याच चार जणांचे अंदाज निम्मे बरोबर, निम्मे चूक, म्हणजे छापा-काट्याइतके. आमचे बँड मास्तर तर साध्या ट्रम्पेटला थंडीतला म्हणून शाबासकी देऊन गेले. माझा हा प्रयोग घरगुती, चहाच्या वेळेतला. पण बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात हीच गोष्ट व्यवस्थित तपासली गेली आणि २००३ मध्ये मांडली गेली. एकाच बनावटीचे दहा ट्रम्पेट, पाच गोठवलेले, पाच तसेच. आवाज यंत्रानं मोजला, वाजवणाऱ्यांना कोणता कुठला ते सांगितलं नाही. थंडीमुळं पडला असं म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एका वाजवणाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक मात्र मोठा होता.

तरीही ज्यांनी पैसे भरले त्यांना ट्रम्पेट सुधारलेला वाटतो, आणि मी त्यांना खोटं म्हणणार नाही. अनेकदा तो सुधारलेलाच असतो. थंड करायच्या आधी वाद्य पूर्ण खोलावं लागतं. आतून धुवावं लागतं, कारण तेल-घाण घेऊन पेटीत घालत नाहीत. परत जोडताना नवी बुचं, नवे फेल्ट, पिस्टन जागेवर, स्लाइडला, म्हणजे सरकवून आत-बाहेर करायच्या नळ्यांना, नवं ग्रीस. एवढं केल्यावर बंद पडलेली मोटारसुद्धा सुरू होईल. आणि नाव होतं नायट्रोजनचं.

तुझ्या ट्रम्पेटचा आजार मला पत्रावरूनच आतल्या घाणीचा वाटतोय. हिशेब बघ. माउथपीस बसतो तिथून पुढं जी पहिली नळी जाते, तिचं तोंड सर्वांत अरुंद, पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास. थुंकी, पानसुपारीचा रस आणि लग्नातल्या जेवणाचं तूप यांचा थर तिथंच बसतो. हा थर चोहोबाजूंनी अर्धाच मिलिमीटर झाला, तरी हवेला मिळणारी जागा पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी होते. ट्रम्पेटमध्ये आवाज करते ती आतली हवा. पितळेचा त्यातला वाटा असतो, पण अगदी थोडका. हवेच्या नळीचा आकार तोंडाशी बिघडला की वरचे स्वर आधी बिघडतात, सूर कुठंच नीट बसत नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कधी बघितलंय का? कारागीर घोडीवर कानस एवढीशी फिरवतो, केसाइतकी, आणि अख्खा तंबोरा बोलायला लागतो. भोपळा कुठला, लाकूड किती जुनं, ते त्या क्षणी बदललेलं नसतं. ट्रम्पेटची घोडी म्हणजे ही पहिली नळी.

धुवायचं कसं, तर पिस्टन आणि सगळ्या स्लाइड काढ. पिस्टनवर १, २, ३ आकडे असतात, अदलाबदल करू नकोस. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. कडकडीत पाणी नको, लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत पारदर्शक लेप, उडतो. लवचीक लांब ब्रश मिळतो, तो पहिल्या नळीत पाणी नितळ येईपर्यंत फिरव. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही आतून लावायचं नाही. बाहेरून आजी समई घासते तसा मोह होतो, पण लॅकर असेल तर बाहेरूनही नको. धुतल्यावर त्या नळीत उजेड धरून बघ. पितळेवर गुलाबी ठिपके दिसले, तर थुंकीनं जस्त खाल्लंय आणि मागं नुसतं सच्छिद्र तांबं उरलंय. ती नळी बदलावी लागते. गोठवून, तापवून, मंत्र म्हणून, कशानंही गेलेलं जस्त परत येत नाही.

मग गळती बघ. मधल्या पिस्टनला हात न लावता त्याची छोटी स्लाइड सरळ ओढून काढ. "टप्" असा बूच निघाल्यासारखा आवाज आला तर पिस्टन हवा धरतोय. नुसतीच निघून आली तर घसलाय, किंवा तेल संपलंय. तेल घालून पुन्हा बघ. तेल पिस्टनचंच घे. शिलाई मशीनचं घालणारे मी पुष्कळ पाहिलेत, पुढं त्याचा गम होतो. थुंकीच्या चावीखालचं बूच बघ, सुकून तडकलं असेल तर तिथूनच अर्धा दम जातो. सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या रबराचा तुकडा चार दिवस चालतो, पुढं नीट बूच लाव.

मधल्या पिस्टनवर सूर हलतो म्हणालास, त्याचं दुसरं कारण फेल्ट असू शकतं. वर्षानुवर्षं दाबून फेल्ट चपटं होतं, पिस्टन मिलिमीटरभर खाली उतरतो, त्याची भोकं आणि नळीची भोकं समोरासमोर येत नाहीत. हवा पायरीवर अडखळते. तीन फेल्ट बदलायचे, खर्च किरकोळ. नाहीतर कधीतरी ट्रम्पेट पडला असेल, घराला पीळ बसला असेल. ते मात्र माझ्यासारख्याकडं आणावं लागतं, घरी ठोकायचं नाही.

आणि एक गोष्ट राहिली, जिच्यासाठी लोक उगाच वाद्याला दोष देतात. आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं बदलतो. हवा १० अंशांनी तापली की ट्रम्पेटचा सूर जवळजवळ तिसरा हिस्सा अर्धस्वर इतका वर सरकतो. डिसेंबरात पहाटेच्या काकड्याला जुळवलेला ट्रम्पेट मे महिन्यात दुपारच्या वरातीत हार्मोनियमशी भांडणारच. मोठी स्लाइड ओढून जुळवायचं, बास. आमच्यात एकानं याच कारणासाठी चांगला ट्रम्पेट विकून टाकला होता.

शेवटचं धोक्याचं. तुमच्या भागात दुधाचा धंदा मोठा, कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडं नायट्रोजनचं भांडं असतं, आणि "काका, त्यातच बुडवू का" असं मला याआधी दोघांनी विचारलंय. नाही. एक तर त्या भांड्याचं तोंड बहुधा पाच-सहा सेंटीमीटरचं आणि ट्रम्पेटचा भोंगा बारा सेंटीमीटरचा, जाणारच नाही. माउथपीस जाईल, पण एकदम बुडवला तर मुलामा तडकू शकतो. आणि तो द्रव एक लिटर उडाला की जवळपास ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूला हटवतो, वास नाही, रंग नाही, माणूस खोकत नाही, सरळ खाली बसतो. बोटाला लागला तर भाजल्यासारखा फोड येतो तो वेगळाच. त्या भांड्याचं झाकण घट्ट करून गाडीत घालणारे तर देवाच्याच भरवशावर असतात. जनावरांचं सामान जनावरांसाठी राहू दे.

तर आधी धू, टप् आवाज बघ, फेल्ट बघ. सुधारला नाही तर भाद्रपदाच्या आधी महिनाभर घेऊन ये, गणपतीच्या तोंडावर आणलास तर माझ्याकडं सगळ्या जिल्ह्याचे पोचे पडलेले असतात. येताना पिस्टन ट्रम्पेटमध्येच ठेव, नुसते पिशवीत टाकून आणू नकोस. माउथपीस काढून वेगळा घे. तो अडकला असेल तर पकड लावू नकोस, तसाच आण. आणि वडिलांना विचारून ठेव, तो कधी पडला होता का, आणि कुठल्या बाजूवर.